महाविद्यालयीन रेडिओचे काम कोणत्या रकान्यात? – एक टीकात्मक टिपण

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या आवारात रेडिओ केंद्र कसे उभारावे, ट्रान्समीटर कोणता घ्यावा, स्टुडिओच्या भिंतींना काय लावावे, याची माहिती देणारे बरेच साहित्य आता उपलब्ध आहे. हे टिपण त्याबद्दल नाही. इथे विचारायचा प्रश्न असा : अशा केंद्रावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अध्यापकाचे काम विद्यापीठीय व्यवस्थेत कुठे मोजले जाते? आणि मोजले जात नसेल, तर दोष फक्त नियमांचा आहे की आपलाही?

तुम्ही जनसंज्ञापनाचे विद्यार्थी असाल आणि प्रसारण शिकवण्यात कारकीर्द करण्याचा विचार करत असाल, तर हा प्रश्न तुमच्या पोटापाण्याचा आहे. तुम्ही माझ्यासारखे अभियांत्रिकीचे अध्यापक असाल आणि ‘तुमचा विभाग इलेक्ट्रॉनिक्सचा, तेव्हा रेडिओ तुम्हीच सांभाळा’ असे सांगून तुमच्या हातात स्टुडिओची किल्ली दिली गेली असेल, तर तो कालपासूनच तुमचा झाला आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. महाविद्यालयीन रेडिओला पदोन्नतीच्या तक्त्यात जागा नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती अर्धीच आहे. आपण आपल्या कार्यक्रमांची समीक्षा करत नाही आणि ते जपूनही ठेवत नाही. जे जपले नाही आणि तपासले गेले नाही, त्याला विद्याशाखेचे काम म्हणा, असा आग्रह आपल्याला धरता येणार नाही.

१. पार्श्वभूमी

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात स्पष्ट केले. त्या निकालानंतर सरकारबाह्य संस्थांना प्रसारण करू देण्याची मागणी जोर धरू लागली. २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने नामांकित शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओचे परवाने देण्याचे धोरण मंजूर केले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात ‘अण्णा एफएम’ सुरू झाले. पुढे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, दिल्लीतील जामिया मिल्लिया इस्लामियाचा ‘रेडिओ जामिया’ अशी केंद्रे उभी राहिली. नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण बदलले आणि स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही परवाने खुले झाले.

म्हणजे पहिली चार वर्षे सामुदायिक रेडिओची किल्ली फक्त शिक्षणसंस्थांच्या हाती होती. या काळात प्रसारणाचे शिक्षण, संशोधन आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घालण्याची संधी आपल्याकडेच होती, हे विसरू नये.

२००६ च्या मार्गदर्शक सूचनांतील चार अटी लक्षात ठेवा. पहिली, प्रभावी उत्सर्जित शक्ती साधारणतः १०० वॅट आणि अँटेनाची जमिनीपासूनची उंची जास्तीत जास्त ३० मीटर. याचा अर्थ, सपाट प्रदेशात दहा-बारा किलोमीटरचा टापू. मध्ये डोंगर असेल तर त्याहून कमी. दुसरी, किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले हवेत. तिसरी, कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत. चौथी अट सहसा कोणी वाचत नाही : प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम प्रसारणाच्या तारखेपासून तीन महिने जपून ठेवला पाहिजे.

ही चौथी अट तक्रार आल्यास पुरावा हाताशी असावा यासाठी आहे. तिचा हेतू गैर नाही. पण अनेक केंद्रांनी तिचा अर्थ असा घेतला, की तीन महिन्यांनंतर पुसून टाकायला हरकत नाही. शोधनिबंध ग्रंथालयात कायम राहतो, रेडिओ कार्यक्रमाचे आयुष्य नव्वद दिवसांचे. इथूनच सगळी गोची सुरू होते.

२. रकाना शोधताना

आता नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत संशोधन गुणांचा तक्ता आहे. त्यात शोधनिबंधाला ज्ञानशाखेनुसार ८ किंवा १० गुण आहेत. मूक पद्धतीचा, म्हणजे इंटरनेटवरून सर्वांना खुला असलेला, चार श्रेयांकांचा संपूर्ण अभ्यासक्रम तयार केल्यास २० गुण, संपूर्ण अभ्यासक्रमाच्या ई-सामग्रीला १२ गुण, व्याख्यानालाही काही गुण आहेत. रेडिओ कार्यक्रमाचे नाव या तक्त्यात नाही. तो फार तर विस्तारकार्य आणि विद्यार्थ्यांच्या उपक्रमांत बसतो, एनएसएस, एनसीसी यांच्या शेजारी. तिथे ‘सहभाग होता किंवा नव्हता’ एवढेच पाहतात. सहभागाचा दर्जा कोणी विचारत नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना लागू असलेल्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या विनियमांत अध्यापकाचे मूल्यमापन १०० गुणांचे आहे : अध्यापन प्रक्रिया २५, विद्यार्थ्यांचा अभिप्राय २५, विभागाची कामे २०, संस्थेची कामे १०, वार्षिक गोपनीय अहवाल १० आणि समाजासाठी योगदान १०. रेडिओ शेवटच्या दहांत बसवता येतो. पण त्याच दहांत रक्तदान शिबिर आणि योगवर्गही येतात. एका सकाळचे शिबिर आणि वर्षभर दररोजचे दोन तास प्रसारण यांचे वजन सारखेच ठरते.

एक विसंगती मुद्दाम नोंदवते. आयोगाच्या त्याच विनियमांत संगीतासारख्या विषयांसाठी वेगळी वाट आहे. पदव्युत्तर पदवी व नेटच्या नेहमीच्या मार्गाऐवजी, नामांकित गुरूकडे शिकलेल्या, पदवीधर व्यावसायिक कलावंतालाही सहायक प्राध्यापक होता येते, आणि त्यासाठीच्या अटींत आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलाकार असणे हीही एक अट आहे. म्हणजे आकाशवाणीने दिलेली श्रेणी विद्यापीठाला मान्य आहे, पण माइकसमोर गाणाऱ्यासाठी. त्या माइकमागे बसून पंधरा वर्षे कार्यक्रम घडवणाऱ्याला मात्र जनसंज्ञापन विभागात येताना अशी कोणतीच वाट नाही. २०२२ मध्ये आलेली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना त्याच्या जवळ जाते, पण ती नेमणूक ठरावीक मुदतीची आहे, कायम पदाची नाही.

उपकरणांचे मात्र तसे नाही. नॅकच्या विद्यापीठांसाठीच्या नमुन्यात ई-सामग्री तयार करण्याच्या सोयींबद्दल प्रश्न होता : माध्यम केंद्र आहे का, दृक्‌श्राव्य केंद्र आहे का, ध्वनिमिश्रणाची साधने व संपादनाची सॉफ्टवेअर आहेत का? मिक्सर असल्याची नोंद होते. त्या मिक्सरवर काय तयार झाले, हे तो प्रश्न विचारत नाही.

३. एक फोन

नियमांबद्दल एवढे पुरे. आता आपल्या बाजूकडे वळू. त्यासाठी माझाच एक अनुभव सांगते. महाविद्यालयाचे नाव महत्त्वाचे नाही.

आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जमिनीतील ओल मोजणारे स्वस्त यंत्र बनवले होते. मातीत दोन सळया खोचायच्या, त्यांच्यामधला विद्युतरोध मोजायचा आणि त्यावरून ओल किती ते सांगायचे. प्रकल्पावर शोधनिबंध लिहून झाला, परिषदेत वाचला गेला, छापलाही गेला. त्यानंतर विद्यार्थ्यांनी आमच्या रेडिओवर या यंत्रावर अर्ध्या तासाचा थेट कार्यक्रम केला. शेवटी दहा मिनिटे श्रोत्यांच्या फोनसाठी ठेवली होती.

आधी दोन फोन कौतुकाचे आले. तिसऱ्या फोनवर जवळच्याच गावातील एक शेतकरी होते. त्यांनी असले यंत्र बाजारातून आणून वापरून पाहिले होते. ते म्हणाले, ‘‘खत दिलं की आकडा वर जातो, पाणी तर दिलेलंच नसतं. मग आकडा ओलीचा का खताचा?’’

स्टुडिओत काही क्षण कोणीच बोलले नाही. प्रश्न अचूक होता. मातीतील पाण्यात खताचे क्षार विरघळले की तिची विद्युतवाहकता वाढते, रोध कमी होतो आणि यंत्राला वाटते की ओल वाढली. आमच्या चाचण्या प्रयोगशाळेतील कुंडीत, नळाच्या पाण्यावर झाल्या होत्या. ही बाब विद्यार्थ्यांच्या लक्षात आली नव्हती आणि मार्गदर्शक म्हणून माझ्याही लक्षात आली नव्हती. पुढच्या तुकडीने रोधाऐवजी धारिता मोजणारे संवेदक वापरले आणि खत दिलेल्या मातीत वेगळ्या चाचण्या घेतल्या. प्रकल्प सुधारला तो त्या फोनमुळे.

आता हिशेब पाहा. ज्या शोधनिबंधात ही उणीव राहिली, तो आजही माझ्या प्रकाशनांच्या यादीत आहे आणि मोजला जातो. ज्या कार्यक्रमात ती उणीव उघडी पडली, तो कोणत्याही यादीत नाही. इतकेच नव्हे, तर तो आता अस्तित्वातच नाही. संगणकाची डिस्क भरली, तीन महिने उलटून गेले होते, नियमाप्रमाणे फाइल पुसली गेली. पुसायला सांगणारी मीच होते. त्या शेतकऱ्याचे नाव आमच्यापैकी कोणी लिहून घेतले नव्हते.

हा दोष आयोगाचा नाही आणि परिषदेचाही नाही.

४. पुण्याचा १९५६ चा प्रयोग

जे जपले आणि तपासले गेले त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. १९५६ मध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण रेडिओ मंचांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांचे मंच स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची, आणि प्रश्न व मते केंद्राकडे पाठवायची, अशी रचना होती. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी मंचांची होती.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि पॉल न्यूराथ यांनी त्याचे नेतृत्व केले. मंच असलेली गावे, मंच नसलेली पण रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तुलना झाली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांची माहिती तपासली. मंच असलेल्या गावांत माहितीत झालेली वाढ इतर गावांपेक्षा कितीतरी अधिक होती. जे. सी. माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. विकास-संज्ञापनाच्या अभ्यासक्रमात तो आजही शिकवला जातो.

या प्रयोगाकडून दोन धडे घ्यायचे आहेत. पहिला सरळ आहे : ऐकण्याची नोंद ठेवली, म्हणून ते प्रसारण ज्ञान म्हणून टिकले. तीन महिन्यांचे काम साठहून अधिक वर्षे उपयोगी पडते आहे.

दुसरा धडा थोडा बोचरा आहे. आज वर्गात आपण अहवालाच्या लेखकांची नावे घेतो. त्या वीस कार्यक्रमांच्या संहिता कोणी लिहिल्या, निवेदन कोणी केले, आलेल्या पत्रांना उत्तरे कोणी दिली, हे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. प्रसारणाच्या अभ्यासाला विद्यापीठात प्रतिष्ठा मिळाली, प्रसारण करण्याला नाही. आजही चित्र तेच आहे. हैदराबाद विद्यापीठात सामुदायिक माध्यमांसाठी युनेस्को अध्यासन आहे. विनोद पावराला आणि कांचन मलिक यांचे भारतीय सामुदायिक रेडिओवरील २००७ चे पुस्तक या विषयाचा पाया मानले जाते. हे काम मोलाचे आहे आणि रेडिओचा अभ्यासक म्हणून कारकीर्द घडवता येते याचा तो पुरावाही आहे. पण रेडिओ करणारा अध्यापक म्हणून कारकीर्द घडवता येते, याचा पुरावा मी अजून शोधते आहे.

५. समीक्षा म्हणजे काय करायचे?

मराठीत नाटकाची समीक्षा होते, चित्रपटाची होते, संगीत मैफलीचीही होते. महाविद्यालयीन रेडिओच्या कार्यक्रमाची लेखी समीक्षा तुम्ही शेवटची कधी वाचली? आपल्या केंद्रांच्या अहवालांत ‘या वर्षी अमुक तास प्रसारण झाले, अमुक मान्यवरांनी भेट दिली’ एवढेच असते. ही हजेरी झाली.

समीक्षा करताना निदान पाच प्रश्न विचारावेत.

एक, हा कार्यक्रम रेडिओसाठीच घडवला आहे का? अनेक ‘शैक्षणिक’ कार्यक्रम म्हणजे वर्गातले व्याख्यान माइकसमोर वाचलेले असते. ‘आकृती क्रमांक दोन पाहा’ असे वाक्य मी स्वतः प्रसारित होताना ऐकले आहे.

दोन, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात कोणाचे पारडे जड आहे? निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागाचे हवेत ही अट, गावातल्या बाईला दोन वाक्ये बोलायला लावून बाकी वेळ तज्ज्ञाला देऊनही कागदावर पूर्ण करता येते. घड्याळ लावून पाहा, कोण किती मिनिटे बोलले ते कळेल.

तीन, भाषा कोणाची आहे? स्थानिक बोली फक्त विनोदी प्रहसनात आणि प्रमाण मराठी गंभीर विषयात, अशी वाटणी झाली असेल, तर बोलीचा वापर झाला असे म्हणू नये.

चार, माहिती बरोबर आहे का? अभियांत्रिकी, शेती, आरोग्य या विषयांत हा प्रश्न पहिला हवा. जाणकाराने ऐकून चूक दाखवावी आणि पुढच्या भागात ती जाहीरपणे दुरुस्त व्हावी.

पाच, ऐकून काय बदलले? मोठ्या सर्वेक्षणाची गरज नाही. आलेला फोन, विचारलेला प्रश्न, पुढे बदललेला प्रयोग, एवढे तारखेसह लिहून ठेवले तरी पुष्कळ.

असे काम आपल्याकडे कोणीच केले नाही असे नाही. उपरोक्त युनेस्को अध्यासनाने सामुदायिक केंद्रांसाठी आत्मपरीक्षण आणि परस्पर परीक्षणाची पद्धत तयार केली आहे. एका केंद्राच्या लोकांनी दुसऱ्या केंद्रात जायचे, पाहायचे, ऐकायचे आणि मोकळेपणाने सांगायचे, असा तिचा गाभा आहे. महाविद्यालयांनी ती पद्धत अध्यापकाच्या मूल्यमापनाशी जोडलेली नाही, ही खरी उणीव आहे.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप : रेडिओला गुण दिले, की गुणांसाठी रेडिओ सुरू होईल. हा आक्षेप मला मान्य आहे. शोधनिबंधांना गुण मिळू लागल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे काय पीक आले, ते आपण पाहिले आहे. म्हणूनच मिनिटांवर किंवा भागांवर गुण देऊ नयेत. अध्यापकाने वर्षातून दोन-तीनच कार्यक्रम मूल्यमापनासाठी पुढे करावेत, आणि ते बाहेरच्या परीक्षकाने संपूर्ण ऐकलेले असावेत. शोधनिबंध न वाचता मोजता येतो. कार्यक्रम ऐकायला अर्धा तास बसावेच लागते. ही अडचण नाही, हीच त्यातली चांगली गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप : रेडिओ ही समाजसेवा आहे, विद्वत्ता नव्हे. बरेच कार्यक्रम खरोखरच सेवा असतात. परीक्षेच्या सूचना, लसीकरणाची माहिती, गाणी, मुलाखती. त्यांना संशोधन म्हणण्याचा अट्टहास नको. पण ज्या कार्यक्रमातून एखाद्या विषयाचे आपले ज्ञान पुढे सरकले, त्याला केवळ तो ध्वनीच्या रूपात आहे म्हणून सेवा ठरवणेही बरोबर नाही. माती, खत आणि रोध यांच्या त्या प्रश्नाला तुम्ही कोणत्या रकान्यात टाकाल?

७. आपल्याला काय करता येईल?

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने अध्यापक नेमणुकांच्या नव्या विनियमांचा मसुदा काढला. त्यात केवळ गुणांच्या बेरजेऐवजी काही क्षेत्रांतील उल्लेखनीय योगदान पाहावे असे सुचवले होते. त्या क्षेत्रांत भारतीय भाषांतील अध्यापन आणि समाजाशी संपर्क व सेवा यांचाही समावेश होता. मराठी, कन्नड किंवा तमिळमधून विषय समजावून देणारा रेडिओ या दोन्हींत बसतो. पण दार उघडले तरी आत नेण्यासाठी आपल्या हातात काहीतरी हवे. म्हणून प्रत्येक निवडक कार्यक्रमाची एक फाइल ठेवा. तिच्यात चार गोष्टी असाव्यात : संपूर्ण ध्वनिमुद्रण, संहिता किंवा आराखडा, श्रोत्यांच्या प्रतिक्रियांची तारीखवार नोंद आणि बाहेरच्या एका जाणकाराने लिहिलेली समीक्षा. काम करणाऱ्या सर्वांची नावे, विद्यार्थ्यांसह, त्यात असू द्या. श्रोत्याने प्रश्न विचारून काम पुढे नेले असेल, तर त्याच्या संमतीने त्याचेही नाव लिहा.

जागेची सबब आता चालणार नाही. १२८ किलोबिट प्रति सेकंद या दराने एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला साठ मेगाबाइटपेक्षा कमी जागा लागते. रोज दोन तास प्रसारण धरले तरी वर्षाचे सारे काम पन्नास गिगाबाइटच्या आत मावते. आम्ही तो कार्यक्रम पुसला तेव्हा वाचवलेली जागा तीस मेगाबाइटही नव्हती.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एक स्पष्ट सूचना. केवळ महाविद्यालयीन रेडिओच्या भरवशावर कायम अध्यापकपद मिळेल असे आज कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. जनसंज्ञापन व पत्रकारिता विषयाची नेट (विषय संकेतांक ६३) आणि पीएच.डी. हाच सध्याचा मुख्य मार्ग आहे. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागतेच, आणि पदव्युत्तर पदवीवर थांबलेल्या माझ्यासारख्या अध्यापकांना रेडिओतील अनुभव त्याऐवजी दाखवता येत नाही. पण जो कोणी पीएच.डी. करेल, त्याने निदान आपल्या केंद्राचे कार्यक्रम अभ्यासाचा विषय म्हणून घ्यावेत. दुसऱ्याच्या कार्यक्रमाची चांगली समीक्षा लिहिणे हेही या क्षेत्राला आज हवे असलेले काम आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील महाविद्यालयीन किंवा सामुदायिक केंद्राचा अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम दोनदा ऐका. कोण किती मिनिटे बोलले याचा तक्ता करा.

२. त्याच कार्यक्रमाची पाचशे शब्दांत समीक्षा लिहा आणि केंद्राला पाठवा. आलेले उत्तर, किंवा न आलेले उत्तर, वर्गात मांडा.

३. ‘रेडिओ कार्यक्रम हे संशोधन असू शकते का?’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन मुद्दे लिहा. प्रत्येक मुद्द्याला प्रत्यक्ष ऐकलेल्या कार्यक्रमाचे उदाहरण द्या.

४. तुमच्या केंद्रावर तीन महिन्यांपूर्वीचा कोणता कार्यक्रम आज ऐकायला मिळेल? शोधून पाहा. मिळाला नाही, तर आजपासून काय जपायचे याची यादी करा.